धानाच्या खोलीतली नऊ गाणी

१५ एप्रिल १९७३, रविवार

काल जयंती. विहारासमोर मांडव, अख्खा वॉर्ड जमलेला. दरवर्षीप्रमाणे पेटी घेऊन मी एकटीच बसले. पहिलं गाणं ठीक झालं. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीत वर गेले आणि आवाज मधोमध फाटला, धोतर फाटतं तसा. हे मागून ओरडले, "अरे, माईक पाहा ना बे!" माईकवाला बिचारा वायर हलवत बसला. माईकला काही झालं नव्हतं. मला माहीत होतं, यांनाही माहीत होतं. सोळा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच लोकांसमोर खोटं बोलले.

गळ्याची गाठ दिवाळीत आवळ्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली आहे. शाळेत पदर गळ्याभोवती गुंडाळून जाते. एवढ्या उन्हात. मुली विचारतात, "बहनजी, ठंड लग रही है क्या?"

१६ एप्रिल, सोमवार

सकाळची शाळा. चौथीत बेचाळीस मुली. हजेरी अनुसुइयापासून सुरू होते आणि हेमलतावर संपते. चौदा वर्षं हजेरी घेते आहे, त्यात काही अवघड असतं हे डोक्यातही आलं नव्हतं. आज एकतिसाव्या नावाला, लक्ष्मीला, आवाज बसला. पुढच्या अकरा जणींकडे नुसतं बोट दाखवलं. त्यांना तो खेळ वाटला.

आजपासून इथे आकडा लिहिणार. आवाज ज्या नावाला बसेल तो आकडा.

ह. ३१.

१९ एप्रिल, गुरुवार

इथल्या डॉक्टरांनी गळा दाबून पाहिला, पाणी गिळायला लावलं. म्हणाले, "बहनजी, इसको अब टालिए मत." नागपूरला चिठ्ठी दिली. घरी येऊन आईला सांगितलं, ती आमच्याकडेच राहते. ती मोहफुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काई नाई होत व. हळद लाव." आईकडे सगळ्यावर हळद आहे. बाबांनाही शेवटी हळदच लावली होती.

ह. २९.

२४ एप्रिल, मंगळवार

काल नागपूर. छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं पुढे. डॉक्टर सभ्य, मराठी बोलणारे. म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, गाठ श्वासाच्या नळीवर दाब आणते आहे. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते. जपून करू.

मी विचारलं, "आवाज राहील ना?"

"राहील. बहुतेक."

हा बहुतेक मी नागपूरपासून बालाघाटपर्यंत चघळत आले. चौथीच्या मुलीनं परीक्षेत बहुतेक लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खोडलं असतं. २२ मेला भरती व्हायचं.

गाडीत यांनी एवढंच म्हटलं, "गळा राह्यला पाह्यजे. गानं काय, गानं नंतर पाहू." चांगल्या मनानं म्हणाले. मला राग आला. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

२६ एप्रिल, गुरुवार

भिलाईहून दादा आला. माझा मोठा भाऊ, कारखान्यात नोकरीला. सोबत टेपरेकॉर्डर, दोन चकत्यांचा, हातात धरायच्या पेटीएवढा. आपल्या घरात वीज नाही, पण हा सेलवरही चालतो. मोठे सहा सेल लागतात, ते दादानं आपले वापरलेलेच टाकून आणले. सोबत एक टेप, दोन्ही बाजूंनी भरता येणारी.

दादानं कळ दाबायला शिकवली. मग आईकडे न बघता म्हणाला, "बाबा गेले तवा हे यंत्र नोतं. आता हाये. पावसाळ्यापर्यंत राहू दे तुयापाशी. सारं गाऊन ठेव."

बाबा खैरलांजीकडच्या गावात धान लावायचे आणि गाणी करायचे. लिहिता येत नव्हतं. चाळीसेक गाणी तरी असतील. त्यातली दोन मला पुरती येतात. बाकीची त्यांच्याबरोबर गेली. माझी स्वतःची सात आहेत, वहीत लिहिलेली, पण वहीत चाल कुठे राहते? आणि ती सात मी घराबाहेर कधी म्हटलेली नाहीत. जयंतीला जयंतीची म्हणते. माझी गाणी पायांची, चिखलाची, हजेरीची. लोक हसतील.

दादानं सारं गाऊन ठेव म्हटलं ते प्रेमानंच. पण मरणाऱ्या माणसाला सही करायला सांगतात ना, तसं वाटलं.

ह. २४.

३० एप्रिल, सोमवार

निकाल लागला, शाळेला सुट्टी. शेवटची हजेरी. प्रमिलापर्यंत गेले. मुली पाया पडल्या, "बहनजी, जुलाई में आओगी ना?" मुली दरवर्षी असंच विचारतात. दरवर्षी मी म्हणते, नाही आले तर कुठे जाईन?

आज मान हलवली.

ह. १९. आता सुट्टीत कोणाची हजेरी घेणार? धानाच्या पोत्यांची घेईन. नावं पाठच आहेत.

१ मे, मंगळवार

जागा ठरवली: धानाची खोली. सासरच्या वाट्याची पोती तिथे छतापर्यंत आहेत, भिंतीच दिसत नाहीत. आत बोललं की आवाज पोत्यांत मुरतो, घुमत नाही. खिडकीला गोधडी लावली. पायली उलटी करून तिच्यावर यंत्र, सूप टांगायच्या खुंटीला माईक. समोर मी आणि पेटी. उकाडा विचारू नये.

आधी नुसतं एक दोन तीन म्हटलं आणि ऐकलं. कोण ही बाई? नाकात बोलणारी, रुसल्यासारखी. आईला विचारलं, मी अशी बोलते? आई म्हणाली, "हौ. तूच हायेस." जन्मभर लोक हे ऐकत आले आणि कोणी सांगितलं नाही! हात दाखवून अवलक्षण. या आवाजासाठी मी रडते आहे?

तरीही रडते आहे.

३ मे, गुरुवार

दुपारी एक ते अडीच ही वेळ बरी. शेजारची धानाची मिल जेवणासाठी बंद, गल्ली झोपलेली. पहिलं गाणं भरलं, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून रोपं लावणाऱ्या आईचं:

बांधीत पानी, पान्यात आभाय,
वाकली माय त आभायात पाय.

चार वेळा करावं लागलं. एकदा छोट्या गाडीची शिट्टी, एकदा शिंक (धानाची धूळ), एकदा मीच अडले. चौथं राहू दिलं. मागे कावळा आहे. राहू दे त्यालाही, तोही वॉर्डातलाच.

आईला ऐकवलं. ती आधी स्वतःच्या पायांकडे पाहत राहिली. मग, "माया पायाचं गानं केलं काय व!" आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

ह. १९. टिकून आहे.

६ मे, रविवार

तीन गाणी झाली आणि सेल दमले. यंत्र कण्हतं. हे म्हणाले, नवे कायले, वाळवू. आमच्या घरी रेडिओचे सेलही असेच वापरतात. सहाही सेल सकाळपासून कौलांवर उन्हात. दुपारी टाकले, चकत्या फिरू लागल्या. "पाह्यलं? वाळवले का जीव येते त्याईच्यात," हे अगदी शोध लावल्यासारखे.

मी मनात म्हटलं, मलाही ठेवा कौलांवर.

ह. १७.

९ मे, बुधवार

बाबांचं गाणं भरत होते, रोवणीचं, धान लावतानाचं. मध्येच मागून गुणगुण. आई! दाराशी बसून, डोळे मिटून, माझ्याबरोबर. यंत्र बंद केलं, ओरडले तिच्यावर. म्हणजे ओरडायला गेले, निम्मा आवाज निघाला आणि ती घाबरून उठली. माझ्या ओरडण्याला नाही घाबरली. त्या निम्म्या आवाजाला.

संध्याकाळी शेगाव, वारासिवनी, कुठकुठल्या वैद्यांची नावं काढत बसली. आता हळद पुरेशी नाही हे तिलाही कळलं आहे.

पुन्हा भरलं. सेल रोज सकाळी कौलांवर. रोज थोडे जास्त दमलेले.

ह. १४.

१३ मे, रविवार

भीती कशाची ते नीट लिहून काढते, मुलींना निबंधाचे मुद्दे देते तशी.

मरायची? आहे, पण थोडी. आवाज घोगरा झाला तर? चालेल. घोगऱ्या मास्तरणी मी पाहिल्या आहेत. आवाज गेलाच तर? शाळेत मला कुठे बसवतील? कपाटं मोजायला? आणि घरात? हे बाहेरून येतात तेव्हा दारातून विचारतात, "हायेस काय?" मी आतून म्हणते, हो. त्याचं काय होईल?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मीच वर्गात शिकवते.

ह. १२.

१७ मे, गुरुवार. पौर्णिमा

सकाळी विहारात वंदना. ओठ हलवले फक्त.

दुपारी नववं गाणं भरलं. झाली. माझी सात, बाबांची दोन. दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी टेप कोरी उरली आहे. खोक्याच्या झाकणावर नावं लिहिली, शाळेतल्यासारखी, क्रमांक घालून. खाली लिहिलं: धानाच्या खोलीत गायली, बालाघाट, १९७३. लिहिताना हसू आलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कावळा, शिट्टी, आईची गुणगुण, यंत्राचं कण्हणं, सगळं आहे त्यात. पण मी आहे. ऐकून पाहिलं सगळं. वर जाताना कुठे कुठे चिरते, तरी मीच आहे. त्या नाकातल्या बाईची सवय झाली मला.

आज पहिल्यांदा पोटभर जेवले. काही झालं तरी हे राहील.

१९ मे, शनिवार

हे लाकूड डेपोतून लवकर आले. हातात कागदाची पुडी. नवे सहा सेल. "जातो त सोमवारी. त्याच्या आधी सारे बसून चांगलं आयकू. त्या मुडद्याईवर कायले?" किती कौतुकानं आणले होते.

आई बसली, हे बसले, शेजारची मथुराबाईसुद्धा आली. कळ दाबली.

दहा वर्षांची पोर गात होती.

बारीक, पळत, किनऱ्या आवाजात. पेटी खेळण्यातली. मथुराबाई हसली. हेही हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. यंत्र उघडलं, चकत्या पाहिल्या. बऱ्याच वेळानं यांना उमगलं. आधीच अर्धे झालेल्या, मग वाळवून वाळवून वापरलेल्या सेलवर चकती हळू फिरत होती, मी त्याच वेगात भरत गेले, त्याच वेगात ऐकत गेले, म्हणून बरोबर वाटायचं. नव्या सेलवर ती जोरात पळते. जे हळू भरलं ते पळत बाहेर येतं.

"मायाच डोक्यातलं होतं ते वाळवनं," हे म्हणाले. दोनदा म्हणाले.

मी काही बोलले नाही. बोलायला आवाज लागतो आणि तो मी टेपमध्ये ठेवला होता ना!

२० मे, रविवार

नव्या सेलवर पुन्हा भरायला बसले. एक तरी. बांधीत पानी. पहिली ओळ गेली. दुसरीला वर जाताच नुसती हवा. पुन्हा. हवा. पुन्हा. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, पुन्हा. आईनं येऊन पेटीचा भाता दाबून बंद केला. "पुरे कर व माय."

जुनं पुसलं नाही हे नशीब. नशीब म्हणायचं का?

ह. ६. सहावी कांता.

उद्या निघायचं.

२६ मे, शनिवार. नागपूर

पाठीवर पडून लिहिते, म्हणून अक्षर असं. परवा ऑपरेशन झालं. शुद्ध आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आ म्हणा." मी म्हटलं. माझ्याकडून म्हटलं. काहीच आलं नाही, फुंकर आली.

डॉक्टर म्हणाले, सूज आहे, आता काही सांगता येत नाही. दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. आठ जूनपासून हळूहळू सुरू करा, अकराला दाखवायला या.

"आवाज येईल ना?" हे यांनी विचारलं.

डॉक्टरांनी या वेळी बहुतेकसुद्धा म्हटलं नाही. म्हणाले, "वाट पाहू."

३० मे, बुधवार

यांनी बाजारातून पाटी आणली. चौदा वर्षं मुलींच्या पाट्या तपासल्या, आता माझी. मी लिहिते, पाणी. हे पाणी देतात, पाटी घेतात आणि तिच्यावर लिहितात, आणखी? मी लिहिलं, तुमचा गळा शाबूत आहे, बोला ना. वाचून मोठ्यानं म्हणाले, "हौ त! विसरूनच गेलतो." बाजूच्या खाटेवरची बाई टाके सांभाळत हसली. मीही हसले असेन. आवाजाशिवाय हसणं कसं असतं ते मला माहीत नव्हतं.

४ जून, सोमवार. घरी

संध्याकाळी पोचलो. आई मथुराबाईकडे गेलेली, हे पुढे जाऊन कुलूप काढत होते. माझ्याआधी आत गेले आणि सवयीनं मलाच विचारलं, "हायेस काय?"

मी उंबऱ्यावर उभी. दार दोनदा ठोकलं.

५ जून, मंगळवार

आई मागे एकटी होती ते दिवस रोज टेप ऐकत होती म्हणे. नव्या सेलवरच. मथुराबाईकडून कळ दाबून घ्यायची. मी पाटीवर लिहायला गेले, पण आईला वाचता येत नाही. हातानंच विचारलं, का?

"तुले नाई आयकत व मी. त्या पोरीले आयकतो. दहा वर्साची होतीस तवा अशीच गात होतीस, बापाच्या पुढं पुढं पयत. मले वाटलं, ते पोरगी गेली कवाचीच. त हे हाये ना इथं."

आज तिच्याजवळ बसून मीही ऐकलं. खरंच पळते आहे ती पोर. तिला पुढचं काही माहीत नाही.

६ जून, बुधवार

मला माझा आवाज ऐकायचा होता. हट्टच केला. पाटीवर लिहिलं, जुने सेल? हे लाजले. फेकले नव्हते. धानाच्या पोत्यात पुरून ठेवले होते, ओल लागू नये म्हणून. काढले. सकाळभर कौलांवर वाळवले. दुपारी टाकले.

पंधरा-वीस दिवसांत ते आणखी मेले होते. चकती जेमतेम फिरली. आवाज आला तो जाड, खोल, ओढत ओढत. बाईचा नाही. बांधीत... पानी...

आईच्या हातातलं सूप खाली आलं. "हे त तुया बाबाच व."

आणि होतेच ते. श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. हे दाराला टेकून उभे राहिले. अर्ध्या गाण्यात चकती थांबली आणि सेल कायमचे गेले.

७ जून, गुरुवार

म्हणजे असं आहे. नव्या सेलवर दहा वर्षांची पोर. मेलेल्या सेलवर बाबा. दोघांच्या मधे कुठेतरी मी होते, १७ मेच्या दुपारपर्यंत. ते सेल आता या जगात नाहीत. नऊ गाणी भरली आणि त्यात मी एकदाही नाही.

असले तर गळ्यातच आहे आता. उघडून पाहायचा धीर नाही. न उघडता काय वाईट चाललं आहे? पाटी आहे, दार ठोकता येतं.

जेवताना आईनं घास पुढे केला आणि नेहमीसारखं म्हटलं, "आ कर." मी तोंड उघडलं नाही.

८ जून १९७३, शुक्रवार

सकाळ. कौलांतून गळतं म्हणून पोती झाकायची आहेत, आभाळ भरून येतं आहे. तरी आधी हे.

धानाची खोली. पायली, यंत्र, खुंटीला माईक, सगळं पहिल्यासारखं. यांनी नवे सेल टाकले. वाळवलेले नाहीत, असं यांनीच तीनदा बजावून सांगितलं. आता चकती जशी फिरेल तशीच उद्याही फिरेल. टेप पुढे नेली, दुसऱ्या बाजूला शेवटी कोरी जागा आहे तिथपर्यंत. जे येईल ते तिथे जाऊ दे. हवा आली तर हवा. निदान ती माझी असेल.

पेटी घेतली नाही. गाणं नको आज. हजेरी घेणार, बेचाळीस. हेमलतापर्यंत जाईन असं मी म्हणत नाही.

हे सायकल धरून दारात उभे आहेत. डेपोला उशीर झाला आहे, जात नाहीत. आई पोत्यावर बसली आहे, पाय लुगड्याखाली. मी पाटी तिच्या मांडीवर ठेवून दिली.

घाईत लिहिते आहे, अक्षर वाचता येईल ना?

यांनी कळ दाबली. फिरते आहे. आई म्हणते, "लिहून काय राह्यली व, बोल."

पेन ठेवते. पहिली अनुसुइया.